उपचार चोख, कागद कच्चा : नाशिकमधील एका रुग्णालयाच्या नोंदविभागाचे परीक्षण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझे थोरले बंधू निफाड तालुक्यातील एका बाजार समितीच्या आवारात उन्हाळ कांद्याच्या लिलावाची वाट पाहत ट्रॅक्टरशेजारी उभे असताना भोवळ येऊन पडले, आणि पडताना ट्रॉलीचा लोखंडी आकडा लागून त्यांच्या कपाळाला जखम झाली. तेथून त्यांना नाशिकमधील एका खासगी रुग्णालयात आणले गेले आणि तेथे ते २६ तास दाखल होते. त्या २६ तासांतील उपचारांवर बोट ठेवावे असे काही घडले नाही. नंतरचे सात आठवडे मात्र मी त्याच रुग्णालयाच्या नोंदविभागाच्या खिडकीशी खेटे घातले, आणि हे परीक्षण प्रामुख्याने त्या खिडकीचे आहे. रुग्णालयाचे नाव मुद्दाम देत नाही. याच काळात शहरातील आणखी दोन रुग्णालयांची डिस्चार्ज कार्डे नात्यागोत्यांतून माझ्या हाती आली आणि तीही याच साच्यातली निघाली, तेव्हा एकालाच चव्हाट्यावर आणणे न्यायाचे वाटत नाही.

मी स्वतः अकरा वर्षे मेडिकल कोडिंगचे काम करते, हे आधीच सांगून टाकलेले बरे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या फायली वाचायच्या आणि त्यांतील प्रत्येक निदानाला आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील संकेतांक द्यायचा, असे या कामाचे स्वरूप आहे. घरच्यांच्या मते मी डॉक्टरांचे अक्षर लावण्याचा पगार घेते. हे अगदीच चुकीचे नाही, फक्त आता ते अक्षर टंकित असते. दुसऱ्यांच्या देशातील हजारो फायली वाचलेल्या माणसाने स्वतःच्या भावाची फाईल उघडली, तेव्हा काय दिसले ते पुढे लिहिले आहे; माझी नजर सरावलेली असल्यामुळे एरवी कोणाच्या लक्षात न येणाऱ्या गोष्टी मला खटकल्या असतील, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

उपचारांबद्दल थोडक्यात, पण मनापासून. अपघात विभागातील सिस्टरांनी दादांना ताबडतोब आडवे करून पाय उशीवर घेतले. दहा मिनिटांच्या आत ताप, रक्तदाब, बोटातून साखर आणि इसीजी झाला. ताप ९९.४ फॅरनहाइट, रक्तदाब ९२/६०, साखर ठीक, इसीजी निर्दोष. डोक्याला मार असल्यामुळे सीटी स्कॅन झाला, कपाळाला तीन टाके पडले, सलाईन सुरू झाले. रक्ताच्या तपासणीत सोडियम १३१ आले. ते साधारणपणे १३५ ते १४५ च्या दरम्यान असावे लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाची सोनोग्राफी म्हणजे टूडी एको झाली आणि तीही चांगली निघाली. कोणतीही मूर्च्छा आली की आधी हृदयाकडे पाहायचे, हा वैद्यकातील शहाणा रिवाज आहे आणि तो येथे पाळला गेला.

रात्री नऊच्या सुमारास फिजिशियन डॉक्टर आले आणि त्यांनी वहिनींना व मला जे समजावून सांगितले, तितके स्वच्छ विवेचन मी पाठ्यपुस्तकातही क्वचितच वाचले असेल. उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंद करते. अशा वेळी माणूस बराच वेळ न हलता उभा राहिला, तर पायांतील रक्त वर ढकलण्याचे पोटऱ्यांच्या स्नायूंचे काम थंडावते आणि रक्त पायांतच साचून राहते. त्यातच घामाने अंगातील पाणी कमी झालेले असते. मग रक्तदाब घसरतो, मेंदूला काही क्षण रक्त अपुरे पडते आणि माणूस कोसळतो. आडवा झाला की रक्त पुन्हा डोक्याकडे पोहोचते आणि तो मिनिटभरात भानावर येतो. दादांच्या बाबतीत यातील एकही गोष्ट चुकलेली नव्हती. ते पहाटे पाचला नुसता चहा घेऊन निघाले होते, रांगेत चार तास उभे होते, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीवाटे पाणी काढणारे औषध आहे, आणि ते वर्षभर शहरात राहत असल्यामुळे त्या हंगामात इतका वेळ उन्हात उभे राहण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती. उन्हाची सवय होण्यास शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, हेही डॉक्टरांनीच सांगितले. ‘हा उष्माघात नव्हे, ही उष्णतेमुळे आलेली मूर्च्छा आहे, हीट सिंकोपी,’ असे त्यांचे शब्द होते आणि ते मी, वहिनी आणि शेजारच्या खाटेवरील आजोबा अशा तिघांनी ऐकले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हाती पडलेल्या डिस्चार्ज कार्डावर मात्र निदानाच्या रकान्यात एवढेच होते : ‘सिंकोपी अंडर इव्हॅल्युएशन, प्रश्नचिन्ह व्हेजोव्हेगल, उच्च रक्तदाब, कपाळावर जखम.’ म्हणजे मूर्च्छेचा तपास चालू, आणि ती कदाचित व्हेजोव्हेगल, म्हणजे भीती, वेदना अशा कारणाने मज्जातंतूंच्या प्रतिक्षिप्त क्रियेतून येणारी साधी मूर्च्छा. ऊन नाही, उष्णता नाही, बाजार समिती नाही, चार तासांची रांग नाही. पूर्वेतिहासात ‘चक्कर येऊन शुद्ध हरपली’ असे अर्धे वाक्य होते. विमा कंपनीच्या अर्जाचा जो भाग रुग्णालयाने भरायचा असतो, त्यात मुख्य निदानाचा संकेतांक म्हणून आर ५५ लिहिलेला होता.

हा आर ५५ काय आहे ते सांगायला हवे, कारण पुढचे सारे त्याच्याभोवती फिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० मध्ये स्वीकारली गेली आणि १९९४ पासून सदस्य देशांत वापरात आली. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली असली, तरी आपल्याकडील विम्याच्या अर्जात अजून दहावीचेच संकेतांक मागितले जातात. तिच्यातील अठरावे प्रकरण लक्षणांचे आहे, म्हणजे ज्या तक्रारींचे कारण सापडलेले नाही त्यांचे. आर ५५ म्हणजे ‘मूर्च्छा व कोसळणे’ त्या प्रकरणात येते. व्हेजोव्हेगल मूर्च्छेलाही हाच संकेतांक मिळत असल्यामुळे त्या प्रश्नचिन्हाने काहीच साधले नव्हते. एकोणिसावे प्रकरण इजा, विषबाधा आणि बाह्य कारणांच्या परिणामांचे असून त्यात टी ६७ हा गट उष्णता व प्रकाशाच्या परिणामांचा आहे : टी ६७.० उष्माघात, टी ६७.१ उष्णतेमुळे आलेली मूर्च्छा, टी ६७.२ उष्णतेमुळे येणारे पेटके, टी ६७.३ ते टी ६७.५ उष्णतेने येणारा थकवा आणि गळाठा. मूळ ग्रंथात आर ५५ खाली ‘यात धरू नये’ अशी एक यादी आहे आणि त्या यादीत उष्णतेमुळे आलेल्या मूर्च्छेचा उल्लेख टी ६७.१ या संकेतांकासह आहे. याचा अर्थ असा की कारण ऊन आहे असे डॉक्टरांनी ठरवले असेल, तर आर ५५ वापरण्याची मुभाच उरत नाही.

तो कोणी लिहिला, याची चौकशी केली. या रुग्णालयात कोडर असे पद नाही. विम्याच्या खिडकीवर बसणारा, कामाने वाकलेला आणि वागायला अतिशय सौजन्यशील तरुण डिस्चार्ज कार्डावरील पहिला शब्द मोबाईलवर शोधतो आणि जो संकेतांक प्रथम दिसेल तो अर्जात उतरवतो. त्याला दोष देण्याचे माझ्या मनात नाही. कार्डावर ‘सिंकोपी’ एवढेच असेल तर मीसुद्धा आर ५५ च दिला असता. कोडरने कारण तर्काने जोडायचे नसते. रुग्ण एप्रिलमध्ये उन्हात पडला हे शेंबड्या पोरालाही दिसत असले, तरी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ‘यामुळे हे झाले’ असे लिहिल्याशिवाय तो दुवा फाईलमध्ये अस्तित्वात येत नाही.

काही दिवसांनी विमा कंपनीचे पत्र आले. आरोग्यविम्याच्या पॉलिसीत न मिळणाऱ्या खर्चांना ठरावीक क्रमांक दिलेले असतात आणि त्यांतील चौथा क्रमांक ‘तपासणी व मूल्यमापन’ असा आहे : केवळ निदानासाठी किंवा तपासण्यांसाठी दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च मिळत नाही. मुख्य निदान लक्षणांच्या प्रकरणातील, पुढे ‘अंडर इव्हॅल्युएशन’ हे शब्द, आणि बिलात सीटी, एको, रक्ततपासण्या यांचा मोठा वाटा. पत्र लिहिणाऱ्याने आमच्याच कागदाचे वाक्य आम्हाला परत पाठवले होते. ते पत्र वाचून मला रागापेक्षा व्यवसायातली शरम अधिक वाटली, कारण ज्या कागदावर मी दुसऱ्यांसाठी रोज आठ तास डोळे घालवते, तो कागद भावाच्या डिस्चार्जच्या वेळी मी बिलाच्या गडबडीत न वाचता पिशवीत घातला होता.

संपूर्ण फाईलची प्रत मागण्याचा अनुभव नोंदविभागाच्या सेवेतील सर्वांत कमकुवत भाग ठरला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यास नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात आणि दाखल रुग्णांच्या नोंदी ३ वर्षे जपाव्या लागतात. येथे पहिल्या दिवशी ‘फाईल ऑडिटला गेली आहे’, चौथ्या दिवशी ‘साहेब रजेवर आहेत’ आणि सातव्या दिवशी ‘ताई, तोंडी नाही चालत, लेखी अर्ज द्या’ असे सांगण्यात आले. लेखी अर्ज हवा होता तर तो पहिल्याच दिवशी मागता आला असता. अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशी प्रत मिळाली. खिडकी सकाळी अकरा ते एक आणि दुपारी तीन ते पाच उघडी असते आणि झेरॉक्सचे पैसे रोख द्यावे लागतात. निफाडहून किंवा सिन्नरहून येणाऱ्याने हे लक्षात ठेवूनच निघावे.

फाईल वाचल्यावर ऊन कोठे हरवले ते सापडले. अपघात विभागाच्या पहिल्या पानावर सिस्टरांच्या सुवाच्य अक्षरात ‘मार्केटमध्ये उन्हात चार तास उभे असताना पडले, मिनिटभराने शुद्धीवर’ असे स्पष्ट मराठीत लिहिलेले आहे, वेळेसह. त्याच्या पुढच्या पानावर निवासी डॉक्टरांनी इंग्रजीत इतिहास लिहिताना त्या ओळीचे ‘चक्कर, त्यानंतर शुद्ध हरपली’ असे संक्षिप्त रूप केले. डिस्चार्ज कार्ड त्या दुसऱ्या पानावरून तयार झाले आणि मराठी पान मागेच राहिले. सिस्टरांची नोंद निदानासाठी वापरता येत नाही, हा माझ्या कामातला पहिल्या आठवड्यात शिकवला जाणारा नियम आहे. पण डॉक्टरांना प्रश्न विचारण्यासाठी ती पुरेसा आधार ठरते. आपल्या भाषेचाही येथे थोडा हात आहे. घेरी, भोवळ, चक्कर, अंधारी, मूर्च्छा हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो, आणि ‘ऊन लागले’ या दोन शब्दांत डोकेदुखीपासून मृत्यूपर्यंत सारे मावते. केसपेपरावर यांतील कोणता शब्द उतरतो यावर मात्र बरेच अवलंबून असते, कारण खोली गरगरल्यासारखी वाटणारी चक्कर हा कानाचा आजार असू शकतो, डोळ्यांपुढे अंधारी येऊन शुद्ध जाणे ही मूर्च्छा असते, आणि या दोन्हींच्या तपासण्या वेगवेगळ्या असतात. तेथील सहा डिस्चार्ज कार्डांपैकी पाचांवर मला ‘चक्कर’च दिसली. (ही कार्डे खिडकीवर उघडी पडलेली होती; रुग्णांच्या गोपनीयतेविषयी स्वतंत्र परीक्षण लिहावे लागेल.)

यानंतर जे घडले ते सांगताना मला अवघडल्यासारखे होते, कारण माणसे चांगली होती. माझी तक्रार ऐकून नोंदविभागाच्या प्रमुखांनी सहानुभूतीने मान हलवली आणि म्हणाले, ‘ताई, काळजी करू नका, आपण उष्माघात टाकून देऊ. टी ६७.०. क्लेम लगेच पास होईल.’ मदत करण्याचा हेतू शंभर टक्के खरा होता, पण त्यातून होणारी नोंद तितकीच खोटी झाली असती. उष्माघात म्हणायला शरीराचे तापमान साधारण ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरनहाइटपर्यंत किंवा त्यापुढे गेलेले असावे लागते आणि त्याबरोबर मेंदूच्या कार्यात बिघाड, म्हणजे बरळणे, झटके किंवा बेशुद्धी असावी लागते. तो जीवघेणा आजार आहे आणि त्यात रुग्ण मिनिटभरात उठून ‘माझा टोकन नंबर गेला का’ असे विचारत नाही. दादांचा ताप ९९.४ होता. वर्तमानपत्रे उन्हाने झालेल्या प्रत्येक त्रासाला उष्माघात म्हणतात ते एक वेळ चालून जाते, पण रुग्णालयाने तसे लिहिले की ते विम्याच्या फसवणुकीच्या व्याख्येत जाऊन बसते, आणि दादांच्या पुढच्या प्रत्येक आरोग्यतपासणीत ‘पूर्वी उष्माघात’ ही ओळ त्यांच्यामागे लागते. मी नको म्हटले. प्रमुखांना माझे नको म्हणणे शेवटपर्यंत समजले नाही असे मला वाटते.

त्याऐवजी मी फिजिशियन डॉक्टरांना एक पत्र लिहिले. माझ्या व्यवसायात याला क्वेरी म्हणतात आणि ती कशी लिहावी यावर अमेरिकेतील अहिमा या आरोग्यनोंदींच्या व्यावसायिक संघटनेचे मार्गदर्शनही आहे. त्यातला मुख्य दंडक असा की डॉक्टरांच्या तोंडी उत्तर घालायचे नाही. फाईलमधील पुरावे मांडायचे, संभवणारे पर्याय द्यायचे आणि निर्णय त्यांच्यावर सोडायचा. मी भावाची बहीण होते आणि पैशांचा प्रश्न होता, म्हणून हा दंडक नेहमीपेक्षा कसोशीने पाळला. पत्रात सिस्टरांची नोंद, तापमान, दोन्ही दिवसांचे रक्तदाब, सोडियम, इसीजी व एकोचे निष्कर्ष आणि चालू औषधे ओळीने लिहिली, आणि विचारले : या मूर्च्छेचे कारण आपल्या मते उष्णतेमुळे आलेली मूर्च्छा, क्षार कमी झाल्यामुळे आलेला उष्णतेचा थकवा, औषधामुळे उभे राहिल्यावर घसरणारा रक्तदाब, व्हेजोव्हेगल, अन्य काही, की ठरवता येत नाही?

येथे फाईलमधील एक खरी उणीवही उघडी पडली. उभे राहिल्यावर रक्तदाब घसरतो का हे पाहण्यासाठी आडवे असताना आणि उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत तो मोजतात. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो दोष मानतात. दाखल झाल्यावर हे मोजलेच गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलेले ११८/७६ आणि ११२/७४ हे आकडे तीन सलाईननंतरचे असल्यामुळे त्यांवरून आदल्या दुपारचे काहीच सांगता येत नाही. डॉक्टरांनी हे पत्र वाचून तसेच कबूल केले, आणि मला त्यांच्याविषयी वाटणारा आदर त्या कबुलीने वाढला. गोळीतील औषधाचा दुष्परिणाम म्हणून लिहायचे झाल्यास त्यासाठी वाय ५४.३ असा वेगळा संकेतांक आहे, पण ‘त्याचा हातभार असेल, मी खात्रीने लिहिणार नाही’ असे म्हणून त्यांनी तो भाग सोडून दिला.

त्यांनी जी पुरवणी नोंद केली ती आदर्श म्हणावी अशी होती. जुने वाक्य खोडले नाही, त्यावर पांढरी शाई फिरवली नाही. खाली नवी तारीख आणि वेळ घालून, सही व नोंदणी क्रमांकासह चार ओळी लिहिल्या : चार तास उन्हात निश्चल उभे राहिल्यानंतर आलेली उष्णताजन्य मूर्च्छा. हृदय व मेंदूचे कारण तपासण्यांनी वगळले. सोडियम सौम्य प्रमाणात कमी, सलाईनने सुधारले. पडताना कपाळाला जखम. एवढ्यावरून कोणताही कोडर पुढचे काम डोळे मिटून करू शकतो. मुख्य निदान टी ६७.१, सोडियमसाठी ई ८७.१, कपाळाच्या जखमेसाठी एस ०१.८, जुन्या रक्तदाबासाठी आय १०, आणि बाह्य कारण म्हणून नैसर्गिक उष्णतेचा संपर्क, एक्स ३०. या एक्स ३० ला घटनास्थळाचा एक आकडा जोडता येतो आणि ते मला या वर्गीकरणातील सर्वांत रसाळ कोपऱ्यांपैकी एक वाटते : घर असेल तर शून्य, रस्ता असेल तर चार, व्यापाराची जागा असेल तर पाच, कारखाना किंवा बांधकाम असेल तर सहा, शेत असेल तर सात. दादा कांद्याच्या वावरात पडले असते तर एक्स ३०.७ झाले असते. बाजार समितीत पडले म्हणून एक्स ३०.५. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत भट्टीपुढे उभा असलेला कामगार असाच कोसळला, तर मूर्च्छेचा संकेतांक तोच राहतो, पण उष्णता माणसाने निर्माण केलेली असल्यामुळे कारण डब्ल्यू ९२ होते. भट्टी की सूर्य, एवढे एक वाक्य केसपेपरावर असले तर त्या कामगाराला पुढे कामाच्या ठिकाणची इजा सिद्ध करताना ते उपयोगी पडू शकते.

अमेरिकेच्या आवृत्तीत हाच संकेतांक टी ६७.१ एक्सएक्सए असा सात अक्षरांचा होतो. शेवटचे ए म्हणजे उपचार चालू असतानाची भेट, डी म्हणजे नंतरची, एस म्हणजे मागे राहिलेला परिणाम. ते शेपूट नसेल तर तेथील विमा कंपनी अर्ज उघडूनही पाहत नाही. आपल्याकडे असल्या काटेकोरपणाची गरज नाही, असे मला या प्रकरणाआधी वाटत असे.

पैशांपलीकडचीही एक बाजू आहे. हवामान बदल व आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली दरवर्षी १ मार्चपासून ३१ जुलैपर्यंत रुग्णालयांकडून उष्णतेच्या आजारांची माहिती गोळा केली जाते. ज्या रुग्णालयात ऊन ‘चक्कर’मध्ये विरघळते आणि उरलेले सौजन्यापोटी ‘उष्माघात’ होऊन बाहेर पडते, त्याच्याकडून जाणारा आकडा दोन्ही बाजूंनी खोटा असणार. नाशिककरांना आपले शहर थंड असल्याचा जुना अभिमान आहे, आणि निफाडचे नाव तर वर्तमानपत्रांत हिवाळ्यातल्या पाऱ्यासाठीच येते. तेव्हा इकडच्या उन्हाने माणसे पडतात हे कागदावर आले नाही तर कोणी आपण होऊन विचारणारही नाही. लिलावाच्या आवारात सावली आणि पिण्याचे पाणी कोठे हवे हे ठरवणाऱ्याच्या टेबलावर असा एखादा एक्स ३०.५ पोहोचायला हरकत नव्हती.

पुरवणी नोंद, पूर्ण फाईल आणि नवा अर्ज पाठवल्यावर विमा कंपनीने दावा पुन्हा तपासला आणि हातमोजे, कापूस, नोंदणी शुल्क अशा किरकोळ बाबी वजा करून रक्कम दिली. न दिल्यास विमा लोकपालांकडे जायचे ठरले होते, आणि नाशिकसाठी ते कार्यालय पुण्याला असल्यामुळे तो फेरा वाचल्याचे समाधान दादांना रकमेपेक्षा अधिक झाले.

तारे द्यायचेच तर अपघात विभागाला पाच, त्यातही त्या सिस्टरांच्या मराठी ओळीला वेगळे पाच. फिजिशियन डॉक्टरांना साडेचार, कारण रात्री नऊला तोंडाने सांगितलेले निदान त्यांनी तेव्हाच लिहिले असते तर पुढचे काहीच घडले नसते. नोंदविभागाला दोन. येथे उपचार घेणाऱ्यांना माझे सांगणे असे की बेधडक जा, पण डिस्चार्जच्या वेळी बिलाआधी निदानाचा रकाना वाचा आणि डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले कारण त्यात उतरले आहे का ते पाहा. नसेल तर पुरवणी नोंद त्याच दिवशी, खाट सोडण्यापूर्वी मागा, कारण नंतर डॉक्टर ओपीडीत असतात, फाईल ऑडिटला गेलेली असते आणि साहेब रजेवर असतात. फाईलच्या प्रतीसाठी लेखी अर्ज आणि पोच हाच जवळचा रस्ता आहे.

सात आठवड्यांनंतर परवा जखमेचा व्रण दाखवायला दादा पुन्हा तेथे गेले होते. ओपीडीच्या नव्या कागदावर निवासी डॉक्टरांनी पूर्वेतिहास म्हणून लिहिले आहे : ‘चक्कर येऊन पडले, आता बरे.’ तो कागद आणि पुरवणी नोंदीची प्रत घेऊन मी सोमवारी अकरा वाजता खिडकीवर जाणार आहे.